माल पाहिजे की माहिती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये रो-हाउस आणि बंगल्यांची छोटी कामं करता. एका ग्राहकाने बुकिंगच्या वेळीच विचारलं की वाळू आणि विटा कुठून येतात, नदी उपसून येतात का, भट्टीवर मुलं राबतात का. तुम्ही सप्लायरला विचारलंत तर तो म्हणाला, "साहेब, माल पाहिजे की माहिती?" छोट्या माणसाने एकट्याने यात काय करायचं, आणि बाकीच्या बिल्डरांना बरोबर घेऊन काही जमतं का?

एकट्याने फारसं काही होत नाही. सात जणांनी मिळून थोडंफार होतं. ते थोडंफार म्हणजे किती, एवढंच मी सांगू शकतो, कारण आम्ही सात जण गेले चार हंगाम हे करतोय आणि त्यातलं निम्मं फसलेलं आहे. मी सिव्हिल डिप्लोमावाला, आधी दुसऱ्याच्या साइटवर, आता स्वतःच्या. वर्षाला पाच-सहा बंगले. म्हणजे तुमच्याच मापाचा माणूस.

आधी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी एका बंगल्याचा स्लॅब होता. मिक्सर आलेला, गँग आठला येणार, आणि वाळूचा डंपर पहाटे पावणेपाचला गेटवर. वॉचमनने मला उठवलं. ड्रायव्हरने वाहतूक पास दिला, मी मोबाइलच्या उजेडात वाचला. पासवर दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), डंपरात डोळ्यांना दिसत होते चार. पासाची मुदत आदल्या संध्याकाळी संपलेली. पोच म्हणून लिहिलेलं गाव माझ्या तालुक्यातलंसुद्धा नव्हतं. एकच पास दिवसभर फिरवत होते, हे उघड होतं. आणि मी काय केलं? चलनावर सही केली, कारण स्लॅब होता. पंधरा दिवसांनी उरलेल्या ढिगाची रॉयल्टी पावती दाखवा म्हणून नोटीस आली. जमीन महसूल संहितेच्या ४८(७) कलमाखाली विनापरवाना गौण खनिजाला, म्हणजे वाळू-दगडासारख्या मालाला, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. सप्लायरचा फोन त्या दिवसापासून बंद. त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तसे पुष्कळ आहेत.

त्यातून मी जे शिकलो ते तुमच्या सप्लायरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. माल आणि माहिती वेगळी नसते. माहिती नसलेला माल आपल्या अंगणात आला की तो आपला गुन्हा होतो. पण हे सुचायला पाच वाजता उठून चालत नाही, आठ दिवस आधी माल मागवावा लागतो. घाई असेल तर कुणीही पास वाचत नाही. मी तर वाचला होता!

वाळूचं सरकारी धोरण दर दोन वर्षांनी कूस बदलतं, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नका. २०२३ साली सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची घोषणा झाली, २०२५ च्या एप्रिलमध्ये डेपो पद्धत गुंडाळून पुन्हा लिलाव आले. पास मात्र टिकून आहे. सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवर पासाचा क्रमांक टाकून गाडी नंबर, परिमाण आणि मुदत जुळते का ते बघता येतं. आमच्या सातही साइटच्या वॉचमनना आम्ही हे शिकवलं. त्यातल्या एकाने, ज्याला सही करताना अंगठा जास्त सोपा वाटतो, पहिल्याच महिन्यात दोन गाड्या परत पाठवल्या. आणि परत पाठवलेल्या गाडीचा नंबर ग्रुपवर टाकला. इथे एकत्र असण्याचा पहिला फायदा दिसतो: माझ्या गेटवरून परतलेला डंपर पूर्वी तासाभरात दुसऱ्या कुणाच्या गेटवर रिकामा व्हायचा. आता निदान आमच्या सहा गेटांवर होत नाही.

नदीची वाळू आम्ही जवळजवळ सोडलीच. प्लास्टरला थोडी लागते असं मिस्त्री म्हणतात, त्यात सवयीचा भाग किती आणि गरजेचा किती यावर आमच्यात अजून वाद आहे. काँक्रीटला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. वाळू-खडीचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत दगडापासून बनवलेल्या वाळूला नैसर्गिक वाळूच्या बरोबरीने जागा आहे, फक्त ७५ मायक्रॉनखालचा बारीक भाग १५ टक्क्यांपर्यंत चालतो. नदीच्या वाळूला तोच ३ टक्के. हे नीट लक्षात घ्या, कारण क्रशरवाले चाळून उरलेली डस्टही क्रश सँड म्हणून भरून देतात. तळहातावर घेऊन चोळली की कळतं. हाताला पीठ लागलं तर परत.

पण क्रश सँड घेतली म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका. नदी वाचते ती डोंगराच्या जिवावर. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, ब्रह्मगिरीच्या उत्खननावरून २०२१ मध्ये केवढा गदारोळ झाला तो आठवत असेल. २०२५ मध्ये राज्याने एम-सँडचं, म्हणजे या दगडाच्या वाळूचंच, धोरण आणलं आणि पात्र युनिटांची रॉयल्टी ब्रासमागे ६०० वरून २०० केली. म्हणजे आता क्रशर वाढणार. खाणपट्टा कुठला, परवाना किती उपशाचा, सुरुंग कधी उडवतात, क्रशरवर पाणी मारतात का, एवढं तरी विचारायला हवं. आम्ही दोन क्रशर बघून आलो. एका ठिकाणी कामगारांच्या पापण्यांवर पांढरी पूड बसलेली होती आणि मालक आम्हाला चहा पाजत होता. तिथून माल घेणं आम्ही बंद केलं. त्याला काही फरक पडला का? नाही. त्याच्याकडे रांग आहे.

आता विटा. खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या भट्ट्यांवर त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी, पलीकडून जव्हार-मोखाडा इथली आदिवासी कुटुंबं येतात. दिवाळीनंतर येतात, पावसाच्या तोंडावर परततात. येण्याआधी, म्हणजे ऐन पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा, मुकादम उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, देऊन जातो. नवरा-बायकोची जोडी, मजुरी हजार विटांमागे, आठवड्याला बाजारापुरती खर्ची, आणि हिशोब हंगाम संपल्यावर. हिशोबात उचल, खर्ची, दवाखाना सगळं वजा. बऱ्याच जणांची उचल फिटतच नाही. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

पहिल्यांदा आम्ही तिघे गेलो तेव्हा एका कुडाच्या झोपडीत भिंतीवर कोळशाने रेघा मारलेल्या दिसल्या. चार उभ्या, एक आडवी, असे गठ्ठे. मी विचारलं, हे काय? बाई म्हणाली, "एक रेघ म्हंजे हजार." मालकाच्या वहीत आणि तिच्या भिंतीत अकरा रेघांचा फरक होता. मालक म्हणाला, अवकाळीत भिजल्या त्या मी कशा धरू? कच्च्या विटा वाळत घातलेल्या असताना पाऊस आला की त्यांचा पुन्हा चिखल होतो. घाम तर गेलेला असतो, पण विकण्यासारखं काही उरत नाही. तो तोटा मालकाचा की पाडणाऱ्याचा, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो पाडणाऱ्याचा होता.

कायदा याकडे कसा बघतो ते माहीत असलेलं बरं. वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा सांगतो की उचलीपोटी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल किंवा किमान वेतनही पडत नसेल तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज कायद्याने संपलेलं. दिल्लीच्या आशियाई खेळांची स्टेडियम-उड्डाणपुलं बांधणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेण्याला घटनेच्या २३व्या कलमातली सक्तीची मजुरीच म्हटलं, आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून मूळ काम देणाऱ्याला सुटता येणार नाही असंही बजावलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, फरिदाबादच्या दगडखाणींचा निकाल आला, वेठबिगारांसाठी लढणाऱ्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यातला. दोन्ही प्रकरणं बांधकामाच्या दगडधोंड्यातलीच. आपल्या धंद्यात मात्र ती कुणी ऐकलेलीही नसतात.

हे सगळं मी भट्टीमालकाला तावातावाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेठ, तुमच्याकडे माझे किती महिन्यांचे अडकलेत?" चार महिन्यांचे अडकले होते. तेही थोडे नव्हते. तो पावसाळ्यात सावकाराकडून पैसे उचलून मुकादमाला देतो, माती-तूस-कोळसा रोखीने घेतो, आणि विटा आम्हाला उधार देतो. या सगळ्यात ज्याला दाबता येतं असा एकच माणूस खाली उरतो, हजारामागे मजुरी घेणारा. तो दाबला जातो तो निम्मा माझ्या उधारीमुळे. त्या दिवशी परतताना गाडीत आम्ही तिघेही गप्प होतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे की सुरुवात सप्लायरला प्रश्न विचारण्यापासून करू नका, त्याचे पैसे देण्यापासून करा. उधारी ठेवून माहिती मागणाऱ्याला तो "माल पाहिजे की माहिती" असंच म्हणणार. तसंही भट्टीवाला सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारकच आहे, आणि आकारणी वर्ष २०२४–२५ पासून आयकरातल्या ४३बी(एच) मुळे थकवलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. सीएला विचारा, तोच तुम्हाला आधी घाबरवेल.

सात जणांनी मिळून आम्ही केलं ते एवढंच: दोन भट्ट्या निवडल्या, हंगामाच्या एकूण विटांचा आकडा आधी सांगितला, आणि पैसे पंधरा दिवसांत द्यायचे ठरवलं. एकट्याच्या एका बंगल्याच्या वीस-बावीस हजार विटांसाठी भट्टीवाला काही बदलत नाही. सातांच्या मिळून हंगामभराच्या विटांसाठी बसून बोलतो. बदल्यात आम्ही मागितलं: प्रत्येक जोडीची वही तिच्या स्वतःच्या हातात, मालकाच्या वहीशी दर बाजारच्या दिवशी मोजून घेतलेली. खर्ची वेगळी, आणि मजुरीतली काही रक्कम महिन्याला बाईच्या खात्यावर. अवकाळीने भिजलेल्या विटांचा तोटा मजुरांवर नाही. हे शेवटचं कलम मालकाला अजिबात मान्य नव्हतं. तेव्हा आमच्यातला एकजण, जो एरवी चहाचे पैसेही सोडत नाही, म्हणाला, "ताडपत्र्या आपण घेऊन देऊ." वर्गणी काढून घेतल्या. पुढच्या मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा त्यातल्या निम्म्या वाऱ्याने उडाल्या आणि निम्म्या विटा वाचल्या. भिजलेल्यांचे अर्धे मालकाने, अर्धे आम्ही भरले. कुणीही खूश नव्हतं, पण भिंतीवरची रेघ खोडली गेली नाही.

मुलांचं जास्त अवघड आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे, हे मालकालाही पाठ असतं. आपण गेलो की सगळी मुलं झोपडीत पळतात. आपण निघालो की वाळत घातलेल्या विटा उलटायला परत येतात, कारण आई-बाप पहाटे दोनला चिखल तुडवायला उठतात आणि पोर एकटं कुठे ठेवणार? ठाणे-पालघरकडे विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा, म्हणजे भट्टीवरच भरणाऱ्या शाळा, चालवल्या, त्याबद्दल आम्ही वाचलं होतं. तसं काही उभं करण्याची आमची कुवत नव्हती. जवळची जिल्हा परिषदेची शाळा सव्वादोन किलोमीटरवर, मध्ये हायवे. मुख्याध्यापक मुलं दाखल करून घ्यायला तयार होते, अडलं होतं ते हायवेपाशी. आम्ही एक रिक्षा लावली, भाडं सातांत वाटलं. पहिल्या वर्षी चौदा मुलं जात होती, होळीनंतर नऊ उरली. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरीच राहिल्या. यावर अजून उपाय सापडलेला नाही.

किंमत? मला विटेमागे साधारण ४० पैसे जास्त पडतात. मागच्या बंगल्याला २२,००० विटा लागल्या, म्हणजे ८,८०० रुपये. त्याच बंगल्यात ग्राहकाने ओट्याचा ग्रॅनाइट एकदा बसवून झाल्यावर रंग आवडला नाही म्हणून बदलला, त्याचा खर्च याच्या तिपटीहून जास्त होता.

मग भट्टीच्या विटा सोडून सरळ फ्लाय अ‍ॅशच्या, म्हणजे औष्णिक केंद्राच्या राखेच्या, का नको, असं तुम्ही विचाराल. आम्ही बाहेरच्या भिंतींना त्याच वापरतो. एकलहरे औष्णिक केंद्र शेजारीच आहे, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकाम करणाऱ्यांनी, पर्यायी मालापेक्षा महाग नसेल तर, राखेची उत्पादनं वापरायचीच आहेत. तिथे मशीनवर रोजंदारी असते, उचल नसते. माती वाचते. पण सगळेच तिकडे वळले तर पेठ-सुरगाण्याच्या त्या जोड्या पावसाळ्यात कुणाकडे हात पसरतील, हाही प्रश्न मला पडतो. म्हणून आम्ही दोन्ही ठेवलंय. हा सल्ला नाही, आमची तडजोड आहे.

एकत्र येताना एक पथ्य पाळा. खरेदी एकत्र करा, तपासण्या वाटून घ्या, काळ्या यादीतल्या गाड्यांचे नंबर सांगा, पण फ्लॅट काय भावाने विकायचे ही चर्चा त्याच टेबलावर काढू नका. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात ते बसतं. सिमेंट कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सहा हजार कोटींच्या वर दंड लावला तो अशाच संगनमताबद्दल. आपण चिमुकले असलो तरी सवय वाईट. आमच्या बैठकीत कुणी दर काढला की एकजण मुद्दाम क्रिकेटवर बोलायला लागतो.

टाइल्स, प्लायवूड, सळई यांच्याबाबत आम्ही काहीही केलेलं नाही. टाइल्स जिथे बनतात त्या गुजरातमधल्या मोरबीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये कोळशाचे गॅसिफायर (कोळशापासून जळाऊ वायू बनवणारी यंत्रं) बंद करायला लावले, तसं काहीतरी वरूनच व्हावं लागतं. आमच्या सात जणांच्या टाइल्सना मोरबीत कोण विचारतं? जिथपर्यंत मोटरसायकलने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, तेवढाच माल आम्ही धरला.

आणि सातातला एक गेला. दुसऱ्या वर्षी त्याला कुठून तरी वाळू स्वस्त मिळायला लागली, पास-बिस विचारू नका म्हणाला. आम्ही भांडलो, त्याने ग्रुप सोडला. तो अजून भेटतो, चहा पाजतो, आणि त्याचा धंदा माझ्यापेक्षा बरा चाललाय. त्याच्या जागी एक नवीन मुलगी आली, स्वतःची आर्किटेक्ट फर्म असलेली. तिने वही ठेवण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या बेरजेतल्या दोन चुका दाखवल्या.

तुम्हाला करायचं असेल तर तारीख महत्त्वाची. जानेवारीत भट्टीवर जाऊन काही उपयोग नाही, तोवर उचल वाटून झालेली असते आणि दर ठरलेला असतो. गणपतीच्या आसपास, मुकादम पाड्यांवर जायच्या आधी, भट्टीमालकाला भेटा. तो तेव्हा मोकळा असतो आणि पैशाच्या चिंतेत असतो. जाताना तुमची मागची थकबाकी चेकने बरोबर न्या. आणि ग्राहकाला आत्ताच सांगून टाका की वाळूचे पास दाखवतो, विटांचं पुढच्या हंगामापासून.